या वयात चेहऱ्याचं काय

पन्नाशी उलटलेल्या बाईने गालावरच्या वांगाचा विषय काढला, की घरातून ठरलेलं उत्तर येतं, ‘आता या वयात काय करायचंय?’ बोलणाऱ्याच्या मनात वाईट काही नसतं, पण या एका वाक्याने फार नुकसान होतं. डॉक्टरकडे जाणं हा नखरा ठरला की ती मुकाट्याने मेडिकलमध्ये जाते आणि तिथून अनेकदा तीन औषधं एकत्र केलेली ट्यूब घेऊन येते: हायड्रोक्विनोन, ट्रेटिनॉइन आणि मोमेटासोनसारखं स्टिरॉइड. थोड्याच दिवसांत चेहरा उजळतो, शेजारणी विचारू लागतात. मग ट्यूब संपते. गाल लाल होतात, उन्हात आग होते, बारीक पुळ्या उठतात आणि तीच ट्यूब पुन्हा लावल्याशिवाय बरं वाटत नाही. स्टिरॉइड फार दिवस लावलं की त्वचा पातळ पडते आणि पाळी गेल्यानंतर तर ती मुळातच पातळ, कोरडी होत चाललेली असते. केंद्र सरकारने २०१८ मध्ये १४ स्टिरॉइड मलमं चिठ्ठीशिवाय विकायला मनाई केली. तरीही जिला घरात बोलायची सोय नाही, ती काउंटरवरच विचारणार.

वांग जिवावरचं दुखणं नाही, हे खरं. पण तो वांगच आहे हे ठरवलं कुणी? केसांच्या कडेने कपाळ काळवंडत असेल तर डायची अ‍ॅलर्जी असू शकते. टिकलीच्या गोंदातल्या रसायनाने काहींच्या कपाळावर बरोबर टिकलीएवढा पांढरा डाग पडतो. वर्षानुवर्षं नवी टिकली त्याच जागी लागते आणि तो झाकलेलाच राहतो. मानेवर मखमलीसारखा जाड काळेपणा आला तर साखर तपासायला हवी. चेहरा नीट बघणं हे म्हणूनच हौसेचं काम नाही. आणि कुणाला निव्वळ बरं दिसावंसं वाटलं, तर तेही पुरेसं कारण आहे.

तज्ज्ञांच्या उपचाराला महिनोन्महिने लागतात, पैसे जातात आणि वांग परततो, ही तक्रार रास्त आहे. तो परततो कारण ऊन रोजचं आहे. त्यातले काही किरण खिडकीच्या काचेतूनही येतात आणि डोळ्यांना दिसणारा उजेडही सावळ्या त्वचेतला रंग वाढवतो. म्हणून लोहाचे ऑक्साइड असलेलं, त्वचेच्या रंगाचं सनस्क्रीन घरात बसूनही लावावं लागतं. दुधात उगाळलेलं जायफळ किंवा लिंबू स्वस्त खरं, पण लिंबाचं आम्ल त्वचेला झोंबतं आणि आपल्याकडच्या वर्णावर झोंबल्याचाही काळा डाग उरतो. सरकारी रुग्णालयाच्या त्वचारोग ओपीडीत खर्च कमी येतो. जाताना वापरलेली ट्यूब आणि डायचं खोकं सोबत न्यावं, घरातलं कुणी बरोबर जावं. बराच काळ लावलेलं स्टिरॉइड एकदम सोडलं तर आग भडकते. ते कसं कमी करायचं, हे तिथे विचारून घ्यावं.