१८० लिटर पाठ होतं

गेल्या मे महिन्यात ओळखीतली एक मुलगी सुट्टीत माझ्या मुदखेडच्या दवाखान्यात येऊन बसायची. एमबीबीएसचं पहिलं वर्ष. निरोगी शरीर कसं चालतं हे शिकवणारा फिजिऑलॉजी हा विषय याच वर्षी असतो. २०१९ च्या नव्या अभ्यासक्रमापासून या मुलांना पहिल्याच वर्षी रुग्णांपाशी नेतात. आमच्या वेळी आधी नुसती पुस्तकं असायची.

एके दिवशी फुलांच्या मळ्यात कामाला जाणाऱ्या साठीच्या मावशी आल्या. दोन दिवस जुलाब, तरी उन्हात काम. "पाठ लई दुखायली व्हती, मेडिकलातून गोळ्या आणल्या," म्हणाल्या. बीपीची गोळी चालूच. कालपासून लघवी जेमतेम एकदा.

मी मुलीला विचारलं, "किडनी काय करते?" तिनं धडाधड सांगितलं : दोन्ही किडन्या दिवसाला साधारण १८० लिटर पाणी रक्तातून गाळतात, त्यातलं दीडेक लिटर लघवीवाटे जातं, बाकीचं परत रक्तात. अगदी बरोबर.

"मग मावशींची लघवी का कमी झाली?"

ती गप्प झाली. मी हसलो नाही. शिकाऊ असताना अशाच एका जुलाबाच्या पेशंटला दुखतंय म्हणून मीच वेदनाशामक इंजेक्शन लिहिलं होतं. १८० लिटर मलाही पाठ होतं. त्या माणसाला डायलिसिसवर घ्यावं लागलं. तो वाचला, पण लघवीची ती रिकामी पिशवी अजून डोळ्यांसमोर येते.

मी तिला ठिबकचं उदाहरण दिलं. किडनीतल्या प्रत्येक गाळणीला रक्त आणणारी एक बारीक नळी असते आणि नेणारी दुसरी. शरीरातलं पाणी कमी झालं की किडनी आणणारी नळी सैल सोडते आणि नेणारी आवळते. त्यामुळे मधला दाब टिकतो, गाळणं चालू राहतं. डायक्लोफिनॅकसारखी वेदनाशामकं पहिली नळी सैल होऊ देत नाहीत. बीपीच्या काही गोळ्या, उदाहरणार्थ टेल्मिसार्टन, दुसरी आवळू देत नाहीत. एरवी याच गोळ्या बहुतेकांच्या किडनीला सांभाळतात, म्हणून त्या मनानं बंद करू नका. पण जुलाब-उलट्या लागल्या, पाणी पोटात टिकेना, तर त्या दिवशीच डॉक्टरांना विचारा. ताप किंवा दुखण्यासाठी योग्य मात्रेत पॅरासिटामॉल बरं. लघवी कमी आणि गडद होऊ लागली तर थांबू नका.

मुलगी वहीत दोन नळ्या काढत होती. मध्येच म्हणाली, "म्हणजे सर, आजार असा वेगळा नाहीच? तीच किडनी, तेच काम, फक्त दाब गेला?" हे मला समजायला एमबीबीएस संपून पुढची दोन वर्षं लागली होती.

मावशींच्या गोळ्या थांबवल्या, सलाईन लावलं, क्रिएटिनिन तपासलं. ते वाढलेलं होतं. नांदेडला पाठवायची तयारी ठेवली, पण संध्याकाळपर्यंत लघवी सुटली. चार दिवसांनी क्रिएटिनिन जवळपास जागेवर आलं.

दुसऱ्या दिवशी कंबरदुखीचे एक काका आले. मी पेन उचलायच्या आत ती विचारून बसली, "काका, सकाळपासून पाणी किती पिलात? लघवीला किती वेळा गेलात?"

काका माझ्याकडे बघायला लागले. "कंबर दुखतीय माझी," म्हणाले.