आढं फिरलं

"चक्कर येते" एवढ्यावर मी आता थांबत नाही. डोळ्यांपुढे अंधारी येते, तोल जातो की घर फिरतं, हे विचारून घेतो. परवा नाटे गावातल्या एका काकींनी न विचारताच सांगितलं, "पहाटे उजव्या कुशीवर वळले नि आढं गरगरा फिरायला लागलं. पडून राहिले तसं थांबलं." कुशीवर वळताच सुरू होणारं आणि मिनिटभरात थांबणारं. निदान त्या वाक्यातच आहे, फक्त डोळ्यांनी खात्री करायची.

*

काकींना कॉटवर पाय लांब करून बसवलं. मान उजवीकडे अर्धी वळवली, खांदे धरले आणि झटकन निजवलं, डोकं कॉटच्या कडेखाली थोडं लोंबतं. "काकी, काहीही झालं तरी डोळे मिटू नका, माझ्या नाकाकडे बघा." एक, दोन, तीन, चार. काहीच नाही. पाचाला बुबुळं उडायला लागली, कपाळाच्या दिशेने झटके आणि त्याच वेळी उजव्या कानाकडे पीळ. काकींनी माझं मनगट असं आवळलं की त्यांच्या बांगड्या रुतल्या. पंचवीस मोजेपर्यंत सगळं शांत.

मग तशीच मान डावीकडे नेली, थांबलो. सगळं अंग डाव्या कुशीवर, नाक जमिनीकडे, पुन्हा थांबलो. मग उठवून बसवलं. प्रत्येक ठिकाणी अर्धा-एक मिनिट.

*

काकींना समजावलं ते असं : कानाच्या आत, तोल सांभाळणाऱ्या पिशवीत बारीक कण असतात. खाडीतल्या शिंपल्याचं कवच ज्या कॅल्शियम कार्बोनेटचं, त्याचेच. ते सुटून अर्धवर्तुळाकार नळीत पडले की मान हलताच आतलं पाणी ढवळतं आणि मेंदूला वाटतं, आपण फिरतोय. कण नळीतून फिरवून परत पिशवीत सोडायचे. निजवून डोळे बघण्याची ही चाचणी लंडनच्या डिक्स आणि हॉलपाइक यांनी १९५२ मध्ये मांडली. कण परत नेण्याची रीत अमेरिकेतल्या एप्लींची. १९८० मध्ये त्यांनी ती दाखवली, पण लेख छापून यायला १९९२ उजाडलं.

*

काकींच्या पिशवीत चकरेच्या गोळ्यांच्या तीन पट्ट्या निघाल्या, शिवाय मानेचा पट्टा. आठ महिने हेच चालू. याचं मला फार वाईट वाटतं. या गोळ्या कण हलवत नाहीत. अशा गोळ्यांतलं प्रोक्लोरपेराझिन महिनोन्महिने घेतलं तर म्हाताऱ्या माणसाचे हात थरथरू लागतात, चाल जड होते. मग ते माणूस खरंच पडतं.

*

कान धुताना पाणी अंगाइतकं कोमट हवं. गार पाण्याने पेशंट गरगरतो, हे व्हिएन्नाच्या बारानींनी नेमकं टिपलं. गार पाण्याने बुबुळं एका दिशेला उडतात, गरम पाण्याने उलट. त्यावर १९१४ चं नोबेल मिळालं, तेव्हा ते रशियात युद्धकैदी होते.

*

साखरी नाट्याचे खलाशी नारळी पौर्णिमेनंतर समुद्रावरून परतले की म्हणतात, जेटीच हलतेय. तो आजार नव्हे. बोट लागते तीही याच कानामुळे.

*

एक खलाशी मात्र विसरता येत नाही. पहाटेपासून सतत गरगर, उलट्या, आधाराशिवाय बसता येईना. मी कानाचंच समजलो, इंजेक्शन दिलं, पडवीत निजवलं. संध्याकाळी त्याचं बोलणं बोबडं झालं. लहान मेंदूचा झटका होता. रक्ताची गाठ विरघळवायचं औषध साडेचार तासांच्या आत द्यायचं असतं, ते तास माझ्या पडवीत गेले.

त्याला नाकाकडे बघायला सांगून मी मान झटकन वळवून बघायला हवी होती. कान बिघडलेला असला तर नजर मानेबरोबर घसरते आणि मग उडी मारून परत येते. सतत गरगरणाऱ्या माणसाची नजर खिळलेलीच राहिली, तर ते कानाचं नाही. अशा वेळी 'नॉर्मल' हाच धोक्याचा इशारा. पहिल्या दिवसाचा सीटी स्कॅनही साफ येऊ शकतो.

*

आता रात्री फोन आला की आधी विचारतो : धरल्याशिवाय उभं राहता येतंय का? एकाचे दोन दिसतायत का? बोलणं, घास गिळणं ठीक आहे ना? यातलं एक जरी बिघडलेलं असेल तरी माझ्याकडे आणू नका. गाडी काढा, थेट रत्नागिरी. सकाळची वाट बघू नका.