पदरचे न घालता

इंग्लंडमध्ये थेम्स नदीच्या काठी, लंडनच्या पश्चिमेस, एक शहर आहे. त्याच्या नावाची इंग्रजी अक्षरे आणि ‘वाचन’ या अर्थाच्या इंग्रजी शब्दाची अक्षरे अगदी एकच आहेत. या शहरातील विद्यापीठाला १९२६ साली सनद मिळाली, आणि शेतीशास्त्राच्या शिक्षणाबद्दल त्याची मोठी ख्याती आहे. १९९८ साली मी कृषी महाविद्यालयातून पदवी घेऊन बाहेर पडलो, तेव्हा मातीच्या शास्त्राचा पुढचा अभ्यास तेथेच करावयाचा असे मी मनाशी ठरविले. अर्ज धाडण्यापूर्वीच मी गावभर सांगत सुटलो, “मी रीडिंगला शिकायला जाणार!”

परंतु तेथे जाण्याच्या वाटेवर एक परीक्षा उभी होती. ज्यांची मातृभाषा इंग्रजी नाही, त्यांना विद्यापीठातील व्याख्याने समजतील की नाही, हे ती परीक्षा पाहत असे. तिचे नाव आयेल्ट्स. लिहिण्याची आणि बोलण्याची परीक्षा तीत होतीच. पण मला धास्ती होती ती ऐकण्याची आणि वाचण्याची. ऐकण्याच्या परीक्षेत चार भाग आणि ४० प्रश्न. ध्वनिफीत सुमारे अर्धा तास चाले, आणि एकदाच लावली जाई. निसटलेले वाक्य पुन्हा ऐकावयास मिळत नसे. वाचनाच्या परीक्षेत तीन लांबलचक उतारे, ४० प्रश्न आणि ६० मिनिटे.

मी पुण्याहून सरावाचे एक पुस्तक आणि त्याच्या ध्वनिफिती मिळविल्या, आणि लोणंदजवळच्या आमच्या गावी येऊन अभ्यासास बसलो. पहिल्याच संध्याकाळी माझी फजिती झाली. ध्वनिफितीवर एक मनुष्य आगगाडीचे तिकीट काढीत होता. तो कोणत्या गावाला निघाला आहे, असा प्रश्न होता. त्याने गावाचे नाव चांगले दोनदा उच्चारले. पण मला ते ओळखू आले नाही. मी जागा कोरी सोडली. मागाहून पुस्तकाच्या शेवटी छापलेला संवाद उघडून पाहिला, तो काय! ते माझेच गाव होते. इंग्रज लोक त्याचा उच्चार ‘रेडिंग’ असा करतात. ज्या गावी जाण्यासाठी मी रात्रीचा दिवस करीत होतो, ते गाव माझ्या कानांवरून निघून गेले, आणि मी त्याला ओळखही दाखविली नाही!

त्या दिवशी मला एक गोष्ट कळली. मी आजवर शिकलेली इंग्रजी मुकी होती. ती कागदावर होती, डोळ्यांत होती, कानांत नव्हती. आपली मराठी बहुतेक जशी लिहावी तशी बोलली जाते. प्रत्येक अक्षराला त्याचा वाटा मिळतो. इंग्रजीचे तसे नाही. ती शब्दातील एका भागावर सारा जोर देते आणि बाकीचे भाग गिळून टाकते. ‘व्हेजिटेबल’ हा शब्द मी नीट चार तुकड्यांत म्हणत असे. ध्वनिफितीवरील बाई तो ‘वेज्टबल’ असा झटकन् म्हणून मोकळी होई. ‘थर्टीन’ आणि ‘थर्टी’ यांतील फरक कागदावर आंधळ्यालाही कळावा. पण घाईघाईच्या बोलण्यात तेरा की तीस, हे ठरविताना मला घाम फुटे.

आमच्या घराशेजारी पिठाची गिरणी होती. मी ध्वनिफीत लावावी आणि गिरणीचा पट्टा फिरू लागावा, हे ठरलेलेच. त्यातच शेळ्यांचे ओरडणे आणि लोणंदहून येणाऱ्या एस. टी. चा कर्णा. मी चिडून दार लावून घेई. पुढे माझ्या वाचनात आले की, दक्षिण कोरियात दरवर्षी नोव्हेंबरमध्ये विद्यापीठाची प्रवेशपरीक्षा होते. त्या दिवशी इंग्रजी ऐकण्याची परीक्षा चालू असताना सुमारे ३५ मिनिटे देशातील विमानांची उड्डाणे आणि उतरणे थांबवितात. मुलांच्या कानांसाठी एक सबंध देश आकाश शांत करतो, ही गोष्ट मला फार सुंदर वाटली. माझ्यासाठी मात्र साधी पिठाची गिरणीही थांबत नव्हती.

माझी आजी त्या खोलीतच भिंतीला टेकून वाती वळीत बसे. ती एक दिवसही शाळेत गेली नव्हती. सोसायटीच्या कागदावर ती अंगठा उमटवी. पण संपूर्ण हरिपाठ तिला तोंडपाठ होता. आषाढीच्या वाटेवर ज्ञानेश्वर महाराजांची पालखी लोणंदला मुक्कामास येई, तेव्हा हजारो माणसांच्या गलबल्यात बसून ती कीर्तन ऐके आणि घरी येऊन ते आम्हांला जसेच्या तसे सांगे. मी दार लावतो असे पाहून ती एकदा म्हणाली, “आरं बाळा, गिरणी काय तुझ्या कानात बसलीया व्हय? ती भायेर हाय. तुझं मनच आत गिरणीवानी फिरतंय.” मला राग आला. ज्या बाईला इंग्रजीचे एक अक्षर ठाऊक नाही, तिने मला इंग्रजी कसे ऐकावे हे शिकवावे!

आठवडाभराने एक चमत्कार झाला. ध्वनिफितीवर दोघे विद्यार्थी भेटीचा दिवस ठरवीत होते. मी ‘मंगळवार’ हा शब्द ऐकला, झटकन् लिहिला, आणि विजयी मुद्रेने पुढच्या प्रश्नाकडे वळलो. आजी वाती वळता वळता म्हणाली, “ह्यो चुकला वाटतं.”

“कोण चुकला?” मी विचारले.

“त्यो बोलनारा. आदी एक बोलला, मंग अडखाळला, आन् दुसरंच काय तरी बोलला.”

मी फीत मागे फिरविली. खरेच होते. त्या मुलाने आधी मंगळवार म्हटले होते. मग त्याला काही आठवले, आणि त्याने बुधवार ठरविला. भाषा येणाऱ्याने पहिला शब्द कानात पडताच कान मिटून घेतले होते. आणि भाषा न येणारी माझी आजी त्याच्या आवाजामागून शेवटपर्यंत चालत गेली होती.

त्या दिवसापासून मी दार उघडे ठेवू लागलो. आजी शेजारी बसे. एक संवाद संपला की मी तिला विचारी, “काय वाटलं?” ती म्हणे, “बाई घाईत हाय,” किंवा “बाप्या काय तरी मोजून दाखवतोय.” तिचे म्हणणे बहुधा बरोबर निघे. मी शब्द ऐकत होतो. ती माणूस ऐकत होती. हळूहळू मलाही वाक्यातील जोर कळू लागला. ज्या शब्दावर आवाज उंच होतो, तोच कामाचा असतो. बाकीचे त्याला धरून चालणारे वाटसरू असतात, हे ध्यानात आले. मी ध्वनिफितीवरील वाक्य ऐकून लगेच मोठ्याने तसेच म्हणू लागलो. कारण जो शब्द आपल्या जिभेला ठाऊक नाही, तो कानालाही लवकर ओळखू येत नाही.

ऐकण्याची गाडी अशी रुळावर आली. वाचनाची मात्र अजून घसरतच होती. पहिल्या दिवशी मी पहिल्या उताऱ्यातील प्रत्येक अवघड शब्द कोशात पाहत बसलो, आणि दुसरा उतारा अर्धाही होण्यापूर्वी गजराच्या घड्याळाने तास संपल्याची वर्दी दिली. मग मी रीत बदलली. आधी उतारा भरभर नजरेखालून घालावयाचा, प्रत्येक परिच्छेद कशाविषयी आहे एवढेच पाहावयाचे. मग प्रश्न वाचावयाचे. आणि मग हव्या त्या जागी परत येऊन सावकाश वाचावयाचे. शेतात पेरणीपूर्वी आपण आधी बांधावरून एक फेरी मारतो ना, तसेच हे. अडलेला शब्द मागच्यापुढच्या वाक्यांवरून ओळखावयास मी शिकलो. महिन्याभरात तीन उतारे तासात बसू लागले.

तरीही एका जातीच्या प्रश्नांत माझे गुण हटकून जात. त्यांत एक विधान दिलेले असे, आणि त्यापुढे तीन शब्दांपैकी एक लिहावयाचा असे: ‘खरे’, ‘खोटे’ किंवा ‘उल्लेख नाही’. एकदा बटाट्यावर उतारा होता. बटाटा हे मूळचे दक्षिण अमेरिकेतील पीक. सोळाव्या शतकात ते युरोपात आले, असे त्यात सांगितले होते. खाली विधान होते: ‘युरोपातील लोकांना बटाटा लगेच आवडला.’ मी शेतीचा पदवीधर! युरोपातील लोक कितीतरी वर्षे बटाट्याकडे संशयाने पाहत होते, हे मी शिकलेलो होतो. मी ऐटीत लिहिले, ‘खोटे’. उत्तर होते, ‘उल्लेख नाही’.

मी पुस्तक आपटले. “मला ठाऊक होते तेच लिहिले, तर ते चूक कसे?” मी आजीला सगळी हकिकत सांगितली. ती बराच वेळ काही बोलली नाही. वातींचे तबक तिने बाजूला सारले.

“त्या उताऱ्यात ते सांगितलंय का?” तिने विचारले.

“नाही. पण ते खरे आहे.”

“खरं असंल. पन त्यानं सांगितलं न्हाई, ते तू त्याच्या तोंडी कशापायी घालतोस?” मग ती हळू आवाजात सांगू लागली.

तिचे लग्न होऊन दोन वर्षे झाली होती. माहेर डोंगरापलीकडे, एका दिवसाच्या वाटेवर. एके दिवशी माहेरच्या गावचा एक माणूस बाजाराला आला आणि त्याने आमच्या वाड्यावर निरोप दिला. तिच्या वडिलांना ताप आहे, तिला पाठवून द्या, एवढाच तो निरोप होता. निरोप्या मनाने चांगला होता. सुगीचे दिवस होते, घरात कामाची गर्दी होती. तापाचे काय, उतरेल दोन दिवसांत, असे त्याला वाटले. सासरच्यांना अडचण नको, म्हणून त्याने आपल्या मनाने एक शब्द त्यात घातला. “सवडीनं या म्हणालेत,” असे तो बोलून गेला. सवड तिसऱ्या दिवशी मिळाली. आजी माहेरी पोचली तेव्हा तिचे वडील आदल्याच दिवशी गेले होते.

“त्यो मानूस वाईट न्हवता, बाळा,” आजी म्हणाली. “त्याला वाटलं, आपुन बरं करतोय. पन निरोप सांगनाऱ्यानं पदरचं घालू नये. आन् ऐकनाऱ्यानंबी घालू नये. जेवढं सांगितलं, तेवढंच आदी नीट घ्यावं. मंग आपलं काय ते वायलं ठेवावं.”

गिरणी त्या वेळीही चालू होती. मला ती ऐकू आली नाही.

मी त्या रात्री बटाट्याचा उतारा पुन्हा वाचला. ‘उल्लेख नाही’ हे तीन उत्तरांपैकी सर्वांत लबाड उत्तर आहे, असे मी आजवर समजत होतो. आता ते मला सर्वांत प्रामाणिक वाटू लागले. लिहिणाऱ्याने काय म्हटले आणि मला काय वाटते, या दोहोंच्या मध्ये एक रेघ असते. ती रेघ ज्याला दिसते, त्यालाच वाचता येते. मंगळवार ऐकून कान मिटणारा मी आणि बटाट्यापुढे ‘खोटे’ लिहिणारा मी, दोघांची चूक एकच होती. आम्ही दोघेही समोरच्याचे बोलणे पुरे होण्यापूर्वीच आपल्या पदरचे त्यात घालीत होतो.

परीक्षा मुंबईस झाली. मोठ्या दालनात ध्वनिफीत सुरू झाली. बाहेर रस्त्यावर मोटारींचे कर्णे वाजत होते. ते वाजत राहिले. तिसऱ्या भागात बोलणाऱ्याने एक तारीख सांगितली, आणि त्याचा आवाज किंचित अडखळला. माझी पेन्सिल कागदावर टेकता टेकता थांबली. क्षणभराने त्याने दुसरी तारीख सांगितली. मी तीच लिहिली. मनात म्हटले, “आजी, ह्यो चुकला बघ.”

मला हवे होते तेवढे गुण मिळाले. पुढल्या वर्षी लंडनहून निघालेल्या आगगाडीत मी बसलो असता डब्यात घोषणा झाली, ‘रेडिंग’. या वेळी मी ते नाव पहिल्याच खेपेस ओळखले, आणि सामान उचलले.

त्या रविवारी मी गावच्या दुकानदाराकडे दूरध्वनी केला. आजीला बोलावून आणले होते. “मी सुखरूप पोचलो. खोली चांगली आहे. जेवण चांगले आहे. सगळे ठीक आहे,” असे मी एका दमात सांगितले. पलीकडे थोडा वेळ शांतता होती.

“बाळा,” आजी म्हणाली, “घरची लई आठवण येतीया न्हवं?”

मी तसे काहीच म्हटले नव्हते. पण तिने पदरचे काही घातले होते, असेही मला म्हणवत नाही. माझ्या आवाजात होते, तेवढेच तिने ऐकले होते.