काडीपैलवानाची शुगर

'खाल्लेलं जातं कुठे गं तुझं?' हा प्रश्न मला शाळेपासून इतक्या वेळा विचारला गेलाय, की त्यासाठी मी एक ठेवणीतलं हसू कायम तयार ठेवते. उंची पाच फूट तीन इंच, वजन ५१ किलो. लग्नकार्यात साडी नेसले की मावश्या हळहळतात, आयटीतल्या मैत्रिणी जळफळतात. मिसळ असो, मस्तानी असो, काटा जागचा हलत नाही. आमच्याकडे याला एक ठरलेलं वाक्य आहे, 'हिच्या अंगालाच लागत नाही!'

गेल्या वर्षी हेल्थ पॉलिसी काढायला घेतली. फ्रीलान्सरला कंपनीचं कव्हर नसतं, त्यामुळे हे शहाणपण आपलं आपल्यालाच सुचावं लागतं. पॉलिसीसाठी रक्त तपासलं आणि 'एचबीए१सी'समोर आकडा आला ५.९. गेल्या दोन-तीन महिन्यांतल्या साखरेची ही सरासरी. ५.७ ते ६.४ या पट्ट्यात असाल, तर तुम्ही 'प्री-डायबेटिक'. म्हणजे डायबेटिस अजून घरात आलेला नाही, पण सोसायटीच्या गेटवर नाव लिहून वर निघालाय. वय २८, बीएमआय २०च्या आत. एजंटला वाटलं, सॅम्पलची अदलाबदल झाली असणार. पुन्हा तपासलं, पुन्हा ५.९.

'तुला कसली शुगर? काडी तर आहेस नुसती!' शेजारच्या काकूंनी रिपोर्ट न बघताच निकाल दिला.

आता पत्रकाराला असं काही झालं, की तो आधी वाचत सुटतो आणि मग घाबरतो. मीही तेच केलं. आणि गंमत बघा, जगभरच्या रिसर्चमधून फिरत फिरत मी येऊन पोचले कुठे, तर आपल्याच रास्ता पेठेत! पुण्याच्या केईएम हॉस्पिटलमधले डॉ. चित्तरंजन याज्ञिक गेली कित्येक वर्षं नेमक्या याच कोड्यामागे लागलेत. भारतीय माणूस दिसायला बारीक, मग त्याला डायबेटिस का? आणि तोही इतक्या लवकर का?

२००४ साली 'लॅन्सेट'मध्ये एक फोटो छापून आला. दोन डॉक्टर शेजारी शेजारी. एक याज्ञिक, दुसरे लंडनचे जॉन युडकिन. दोघांचा बीएमआय सेम टू सेम, २२.३. म्हणजे चार्टनुसार दोघंही एकदम फिट. पण शरीरातली चरबी मोजली, तर युडकिनसाहेबांची ९.१ टक्के आणि आपल्या डॉक्टरांची २१.२ टक्के! दुपटीहून जास्त. त्या नोंदीत व्यायामाचाही उल्लेख आहे. एक जण मॅरेथॉन पळतो आणि दुसऱ्याचा मुख्य व्यायाम म्हणजे रोज सकाळी हॉस्पिटलच्या लिफ्टचं दार बंद होण्याआधी धावत जाऊन ते गाठणं. स्वतःला असं जगापुढे ठेवणारा शास्त्रज्ञ मला तरी फार आवडला. आडनावांच्या इंग्रजी आद्याक्षरांवरून या फोटोला 'वाय-वाय पॅराडॉक्स' म्हणतात आणि आपल्यासारख्यांना 'थिन-फॅट'. बाहेरून काडी, आतून लोणी.

म्हणजे खाल्लेलं अंगाला लागतच होतं. फक्त मावश्यांना दिसेल अशा ठिकाणी नाही.

आपल्याकडे दंड-मांड्यांवर स्नायू कमी आणि चरबी पोटात, आतल्या अवयवांभोवती जास्त. जेवणानंतर रक्तात येणारी साखर उचलायचं सगळ्यात मोठं काम स्नायू करतात. गोदामच लहान असेल तर माल रस्त्यावर पडून राहणार, साधा हिशोब आहे. वजनकाट्याला यातलं काही कळत नाही. त्याच्या लेखी एक किलो स्नायू आणि एक किलो चरबी सारखीच. म्हणून तर आशियाई लोकांसाठी बीएमआयची धोक्याची रेषा २५ वरून २३ वर आणली गेली आणि भारतीय डॉक्टर कमरेचा घेर मोजायला सांगू लागले. बाईचा ८० सेंटिमीटरच्या वर नको, पुरुषाचा ९० च्या वर नको. शिंप्याकडची टेप चालते. ती पन्नास हजारांच्या स्मार्ट वॉचपेक्षा जास्त खरं बोलते, असं माझं स्पष्ट मत आहे.

आणि हे काही माझ्या एकटीचं रडगाणं नाही. 'आयसीएमआर'च्या देशभरातल्या पाहणीचे आकडे २०२३ मध्ये आले. भारतात डायबेटिस असलेले १०.१ कोटी आणि माझ्यासारखे गेटवर उभे असलेले १३.६ कोटी.

इथवर सगळं 'जिम लावा, डाळ खा' या वळणाचं होतं. मी निमूटपणे घरी स्क्वॉट्स सुरू केले, डब्यात उसळी वाढवल्या, जेवल्यावर लगेच लॅपटॉपसमोर न बसता सोसायटीला तीन चकरा. पण त्याच सुमारास वहिनीला पाचवा महिना लागला आणि या रिसर्चचा दुसरा अर्धा भाग आमच्या घरात, अक्षरशः जेवणाच्या टेबलावर, येऊन बसला.

कारण याज्ञिकांची गोष्ट फोटोवर थांबत नाही, ती मागे जाते. १९९३ पासून त्यांच्या टीमनं पुण्याजवळच्या सहा गावांमधल्या बायकांची नोंद ठेवली. गरोदर राहण्याआधीपासून, मग गरोदरपणात, मग बाळं जन्मली, मग ती मोठी झाली तशी. ही बाळं सरासरी पावणेतीन किलोच्या आसपासची. इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनची बाळं साडेतीन किलोची. पण पाठीवरची चिमूट मोजली, तर आपल्या लुकड्या बाळांच्या त्वचेखालची चरबी त्या गुटगुटीत बाळांच्या जवळपास येत होती. कमी पडले होते ते स्नायू. थोडक्यात काय, थिन-फॅटपणा पिझ्झा-बर्गरने सुरू होत नाही, तो जन्मतःच सोबत येतो. हीच मुलं १८ वर्षांची झाली तेव्हा त्यांच्यातली जवळजवळ निम्मी अंडरवेट होती आणि तरीही मुलग्यांपैकी एक तृतीयांशाहून जास्त जणांची उपाशीपोटीची साखर शंभरच्या वर निघाली. शेतात राबणाऱ्या घरांतली मुलं ही, कॉल सेंटरमधली नव्हेत.

आणि आयांमध्ये सापडलं काय? दोन तृतीयांश जणींमध्ये बी-१२ कमी. हे जीवनसत्त्व दूध, अंडी, मांस-मासे यांतून मिळतं, भाजीपाल्यात नसतं. ज्या आयांमध्ये बी-१२ कमी आणि फोलेट मात्र भरपूर होतं, त्यांच्या मुलांमध्ये सहाव्या वर्षी इन्सुलिनला दाद न देणारं शरीर सगळ्यात जास्त दिसलं. (म्हणून फॉलिक ॲसिडची गोळी बंद करू नका हं! ती बाळाच्या मज्जारज्जूसाठी लागतेच. प्रश्न जोडीला बी-१२ आहे ना, हा आहे.)

वहिनीचं बी-१२ कमी निघालं. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, विषय संपायला हवा होता. पण एका काकूंनी हे कुठेतरी वाचलं आणि जेवताना जाहीर केलं, 'बाळाला पुढे शुगर होते म्हणे आईच्या खाण्यानं. हिचं बघा, ताक नको, दूध नको. आमच्या वेळी नव्हती बाई असली थेरं.' वहिनी काही बोलली नाही. रात्री मला म्हणाली, 'तू तर वाचलंयस ना सगळं? खरं सांग, मी त्याचं नुकसान केलंय का?'

प्रयोगशाळेतून निघालेलं वाक्य स्वयंपाकघरात पोचेपर्यंत त्याचं असं होतं. जगात कुठलाही नवा शोध लागो, आपल्याकडे त्याची बिलं बाईच्या नावावरच फाटतात! मी वहिनीला म्हटलं, 'अगं, तू जन्मलीस तेव्हा किती किलोची होतीस?' तिनं तिच्या आईला फोन लावला. सव्वादोन. आणि तिची आई? ते कोणी मोजलंच नव्हतं, पण सात भावंडांतली ती, सगळ्यांची पंगत उठल्यावर जेवणारी. रिसर्च बोट दाखवतो ते तिकडे. अनेक पिढ्या अर्धपोटी राहिलेल्या शरीरांकडे, आणि मग अचानक घरात आलेली गाडी, लिफ्ट आणि तेलाचे पाच लिटरचे डबे यांच्याकडे. एका गरोदर बाईच्या ताकाच्या पेल्याकडे नव्हे. त्याच गावांमधला आणखी एक निष्कर्ष मी तिला वाचून दाखवला. ज्या बायकांच्या जेवणात दूध, पालेभाज्या, फळं जास्त होती, त्यांची बाळं जास्त चांगली वाढली होती. म्हणजे अजून चार महिने हातात आहेत, आणि उपाय मंडईत मिळतो. तिला मेथी आवडते. तेवढ्यावर त्या रात्री झोप लागली तिला.

मला स्वतःला सगळ्यात आवडलेली गोष्ट पुढची आहे. २०१२ मध्ये याच टीमनं, त्याच मुलांपैकी किशोरवयात आलेल्यांना रोज बी-१२ द्यायचा प्रयोग सुरू केला. पुढच्या पिढीची तयारी ती पोटात यायच्या आधीच करायची, अशी कल्पना. आणि गोळ्या फक्त मुलींना दिल्या नाहीत, मुलग्यांनाही दिल्या. बाप होणारे ते पण आहेत, हे कुणाच्या तरी लक्षात आलं होतं!

दुसऱ्या दिवशी मी दादाला टेप आणि लॅबचा फॉर्म, दोन्ही दिलं. दादा म्हणजे आमच्या घरातला ऑफिशियल 'काटक' माणूस, वजन ६३ किलो. त्यानं आढेवेढे घेतले, क्रिकेटची मॅच आहे वगैरे सांगून झालं, पण गेला. कंबर ९३. बी-१२ वहिनीपेक्षाही कमी. आता सकाळी चहाबरोबर दोन गोळ्या निघतात, एक तिची, एक त्याची, आणि संध्याकाळच्या चकरांना आम्ही तिघं असतो. माझी पुढची टेस्ट येत्या महिन्यात आहे.

काकूंना दादाच्या रिपोर्टचं अजून कोणी सांगितलेलं नाही. बहुधा रविवारी जेवायला येतील, तेव्हा वहिनीच सांगेल.