दादाचे गवत

परदेशी जाऊन आलेल्या माणसाने नायगाराविषयी लिहावे, असा आपल्याकडे संकेत आहे. तो मोडल्याबद्दल वाचकांची आधीच क्षमा मागतो. २०१९ साली उन्हाळी सुट्टीला रजेचे शेपूट जोडून मी पाच आठवडे अमेरिकेत काढले. त्यांतले निदान चार गवतात गेले.

आमचा चुलत दादा निवृत्त झाल्यापासून व्हरमॉन्ट राज्यात, मिडलबरी गावाजवळ सहा एकरांचे कुरण घेऊन राहिला आहे. पश्चिमेला शँप्लेन सरोवर, त्यापलीकडे ॲडिराँडॅक पर्वत. पूर्वेला ग्रीन पर्वतांची रांग. रस्त्याकडेच्या जाहिरातींच्या फलकांवर या राज्याने १९६८ सालीच बंदी घातली. त्यामुळे मोटारीतून पाहावे तिकडे डोंगर, गाई आणि गवत.

दादाची एक गाय आणि एक कालवड. बर्फ पडला की महिनोन् महिने त्यांना सुके गवतच घालावे लागते. इतकी वर्षे शेजारचा म्हातारा शेतकरी निम्म्या वाट्याने हे कुरण कापून देत असे. त्या वर्षी त्याच्या खुब्याची शस्त्रक्रिया झाली आणि त्याने हात टेकले. मोठी यंत्रे बाळगणारे कंत्राटदार सहा एकरांसाठी येईनात. आणि तिथे कुरण चार-सहा वर्षे कापले नाही, की त्यात झुडपे येतात, मग झाडे, आणि पाहता पाहता त्याचे रान होते. दादाला तेच सोसवेना.

याचे कारण मला ठाऊक होते. दादाचे बालपण पालघरकडचे. काका गवताच्या वखारीत कारकून. दिवाळीच्या सुमारास डोंगरउतारावरचे गवत पिकले की वारली बायामाणसे विळे घेऊन येत, आणि दाबून बांधलेल्या गाठी मुंबईच्या तबेल्यांकडे जात. याच कापणीच्या मजुरीसाठी वारल्यांनी १९४५ साली संप केला होता. त्याच ऑक्टोबरात तलवाड्याला जमलेल्या वारल्यांवर गोळीबार झाला. गोदावरीबाई परुळेकरांच्या ‘जेव्हा माणूस जागा होतो’मध्ये ती हकीगत आहे. दादाचा जन्म नंतरचा. पण वखारीत त्या संपाचा विषय आवाज खाली करून निघे, असे तो सांगतो.

तर दादाने यंत्र घ्यायचे ठरवले. नवे परवडणारे नव्हते. एका शेतकऱ्याच्या गोठ्यामागे, अक्रोडाच्या झाडाखाली, ट्रॅक्टरला जोडायचे एक जुने यंत्र गंजत पडले होते: बाजूला सात फूट लांब पट्टी, तिच्यावर मागेपुढे सरकणारे दातेरी पाते. आपल्या विळ्याचेच, पण आडवे पडलेले आणि फार घाई झालेले भावंड म्हणा ना!

म्हातारा कुबडी टेकत बरोबर आला होता. त्याने रंगाकडे पाहिलेच नाही. पाते हाताने सरकवून त्याचा डोके कितपत खिळखिळे आहे ते पाहिले, पट्टीचे बाहेरचे टोक उचलून ती लोंबते का ते पाहिले, पुढे आलेल्या टोकदार लोखंडी बोटांवरून अंगठा फिरवला. दोन बोटे वाकलेली होती. मालकाने ८०० डॉलर सांगितले. दादाने दादरच्या भाजीबाजारातले कसब वापरून ६०० ला तोडले.

“निम्म्या हिवाळ्याच्या गाठी आल्या असत्या एवढ्यात,” वहिनी मला म्हणाल्या. “भावोजी, तुम्ही तरी सांगा त्यांना!”

मी काय सांगणार? मी कानस धरायला शिकत होतो. पात्यावर तीन-तीन इंच रुंदीची २८ त्रिकोणी पाती, प्रत्येक दोन रिव्हेटांनी ठोकलेले. त्यांतली ११ बाद निघाली. रिव्हेट पोखरून काढायचे नसते. पट्टी ऐरणीच्या काठावर उभी धरून पात्याच्या पाठीवर नेमका घाव घातला की रिव्हेट आपोआप तुटतो. नेमका हा शब्द महत्त्वाचा. माझा पहिला घाव ऐरणीवर बसला.

पाते धारदार असून भागत नाही. प्रत्येक लोखंडी बोटात एक बसकी धार असते. कात्रीच्या दोन पात्यांसारखे त्या दोहोंना एकमेकांलगत सरकावे लागते. मध्ये फट राहिली की गवत कापले न जाता दुमडून अडकते. शिवाय सरकण्याच्या दोन्ही टोकांना त्रिकोणाचा मध्य बोटाच्या मध्यावर यायला हवा. पट्टीचे बाहेरचे टोकही आतल्यापेक्षा पावणेदोन इंच पुढे ठेवायचे, कारण चालताना गवताचा रेटा ते मागे ढकलतो. या पावणेदोन इंचांसाठी दोन दिवस गेले. म्हातारा खुर्चीत बसून नुसती मान हलवी: नाही. पुन्हा.

चाकाचे फिरणे पात्यापर्यंत पोचवणारा दांडा लाकडी होता. पाते दगडावर आदळले तर महागडे लोखंड वाचावे आणि लाकूड मोडावे, अशी ती योजना. त्याला पिटमन म्हणतात. मूळचा पिटमन म्हणजे खड्ड्यात उभा राहून करवतीचे खालचे टोक ओढणारा मजूर. तो गेला, त्याचे नाव दांड्याला राहिले. (मराठीच्या प्राध्यापकाला एवढे विषयांतर माफ असावे.)

जूनच्या अखेरीस तीन कोरडे दिवस मिळाले. दव सुकल्यावर दादा ट्रॅक्टरवर चढला. वरच्या अंगाला बॉबोलिंक पक्ष्यांची घरटी होती, तेवढा तुकडा त्याने पिल्ले उडेपर्यंत ठेवला. बाकीच्या कुरणात यंत्र खटखटत निघाले, आणि उभे टिमथी गवत मागे हळूच आडवे होऊ लागले.

चौथ्या फेरीत ओलसर झुबका अडकला. पाते थांबले, इंजिन चालूच होते. दादा उतरला, वाकला आणि झुबक्याकडे हात नेला.

म्हातारा ओरडला. इतक्या दिवसांत त्याचा आवाज मी प्रथमच ऐकला. दादा दचकून मागे झाला. म्हाताऱ्याने डावा हात वर धरला: दोन बोटे पेरापाशीच संपलेली. आम्हांला वाटे, त्याला तो हात खिशात ठेवायची सवय आहे.

वहिनी सरबताचा तांब्या घेऊन बांधावर उभ्या होत्या. त्या काही बोलल्या नाहीत. त्यांनी इंजिन बंद केले, किल्ली काढून घेतली आणि घरात गेल्या. त्या दिवशी पुढे कापणी झाली नाही. रात्री वेधशाळेने तिसऱ्या दिवशी पावसाची शक्यता सांगितली. जेवताना आम्ही तिघे एकमेकांना फक्त मीठ मागत होतो.

सकाळी वहिनी गवती टोपी घालून पुढे. “मी बांधावर बसणार. तुम्ही उतरलात की किल्ली माझ्या हातात. नाहीतर गवत उभे राहू दे.”

“बरं,” दादा म्हणाला. साठी उलटलेला आमचा दादा त्या दिवशी नऊ वेळा उतरला आणि नऊ वेळा किल्ली देऊन आला.

पाऊस रात्री आला, तोवर गाठी कोठारात गेल्या होत्या. ओलसर गाठ आतून तापते आणि कोठारे पेटतात. म्हणून आठवडाभर दादा झोपण्यापूर्वी गाठींत हात खुपसून पाही, आणि बाहेर आला की हाताचा वास घेई.

त्या बाद पात्यांतले एक मी सामानातून आणले. मुंबईच्या विमानतळावर अधिकाऱ्याने ते उलटसुलट करून पाहिले.

“हे काय?”

“गवत कापायचं पातं.”

“शेती करता?”

“नाही. मराठी शिकवतो.”

त्यांनी एकवार माझ्याकडे पाहिले आणि बॅग बंद करायला सांगितली.