सिस्टर आजीची चूक

आपल्या समाजात घरोघरी एखादी नर्स सापडते. मीही त्यातलीच. माझगावच्या सर एली कदूरी शाळेत मराठीतून शिकले, नर्सिंग केले आणि नोकरीनिमित्त मस्कतला आले. भावंडे इस्रायलला गेली, मी इकडेच राहिले. निवृत्तीनंतर अल् खुवैरला मुलाच्या घरी असते. बिल्डिंगमधली मुले मला 'सिस्टर आजी' म्हणतात आणि संध्याकाळी विज्ञानाच्या वह्या घेऊन येतात.

मी काही शिक्षिका नव्हे. पण ५०० मिलिलिटर सलाईन ४ तासांत द्यायचे, एका मिलिलिटरचे १५ थेंब, तर मिनिटाला किती थेंब? हे गणित मी वॉर्डात आयुष्यभर केले. मुलांना त्रैराशिक मी असेच शिकवते. उत्तर ३१ आले की त्यांना मोठी गंमत वाटते.

त्यांतली एक मुलगी रत्नागिरीकडची. दहावीत असताना तिने माझा ऑक्सिमीटर बोटाला लावला आणि विचारले, "आजी, नुसत्या उजेडाला रक्तातला ऑक्सिजन कसा कळतो?" इतकी वर्षे मी तो रोग्यांच्या बोटांना लावला, पण हा प्रश्न मला कधी पडला नव्हता. मी म्हटले, "मला ठाऊक नाही. चल, शोधू." तेव्हा कळले, की त्यात एक तांबडा आणि एक अवरक्त असे दोन प्रकाश असतात. ऑक्सिजन भरलेले रक्त तांबडा प्रकाश जास्त जाऊ देते, ऑक्सिजन नसलेले तो शोषून घेते. दोहोंच्या प्रमाणावरून आकडा निघतो. ही युक्ती १९७४ साली जपानच्या ताकुओ आओयागी या इंजिनिअरने काढली. डॉक्टरने नव्हे!

एवढे समोर दिसत असूनही मी चुकले. मी तिला आपल्या डॉ. जेरुशा झिराड यांची गोष्ट सांगितली. कामा हॉस्पिटलात बहिणीचा जीव वाचलेला पाहून त्यांनी लहानपणीच डॉक्टर व्हायचे ठरवले, पुढे १९२८ ते १९४७ त्याच हॉस्पिटलच्या प्रमुख झाल्या आणि १९६६ साली पद्मश्री मिळवली. मी म्हटले, "तूही डॉक्टरच हो. गणित सोड, जीवशास्त्रावर भर दे." तिच्या वडिलांच्याही मनात तेच होते.

बारावीनंतर तिने नीटची परीक्षा दिली. २०२२ पासून या परीक्षेचे केंद्र मस्कतमध्येच आहे, त्यामुळे भारतात जावे लागले नाही. पण गुण कमी पडले. चार दिवस ती खोलीबाहेर आली नाही. मग एका संध्याकाळी येऊन म्हणाली, "आजी, मला ती यंत्रेच बनवायची होती." बायोमेडिकल इंजिनिअरिंगची माहिती काढली, तर गणित हवे! मला त्या रात्री झोप लागली नाही.

दुसऱ्या दिवशी मी तिच्या आईवडिलांना भेटून चूक कबूल केली. खालच्या मजल्यावरच्या केरळी इंजिनिअरना गळ घातली, त्यांनी रोज तासभर शिकवले. तिने गणित हा जादा विषय घेऊन परीक्षा दिली. एक वर्ष गेले, पण आज ती मुंबईत तेच शिकते आहे.

१९७० साली ओमानमध्ये अवघ्या ३ शाळा होत्या, त्याही मुलग्यांच्या. आज अल् खुवैरच्या तंत्रविद्यापीठात ओमानी मुली रोज शिकायला जातात. त्यांनाही कोणीतरी वेळेवर वाट दाखवलीच असेल.

वाचकहो, नातवंडांना "तू कोण होणार?" असे विचारण्याआधी "तुला कसले कुतूहल आहे?" असे विचारा. कर्तबगार माणसांच्या गोष्टी जरूर सांगा, पण त्यांचे माप मुलांच्या अंगावर चढवू नका. आणि अकरावीत घाईने गणित सोडू देऊ नका. माझ्या चुकीतून एवढे शिकलात तरी पुरे.