शिळा सण, सरवा आणि काढून टाकलेला एक फोटो

"भाऊ, तो फोटू काढून टाका न. माह्या पोरीले पाहाले पाव्हणे येऊन राह्यले."

घटस्थापनेनंतर चार-पाच दिवसांनी हा फोन आला. रिसोड तालुक्यातल्या पैनगंगेकाठच्या एका गावची बाई. नाव-गाव लिहीत नाही, का ते पुढे कळेलच. त्या आधी दोन आठवड्यांपूर्वी आम्ही मित्रांनी पैसे जमवून त्या गावात किराणा किट वाटले होते. सप्टेंबरच्या पावसाने मराठवाड्याचं काय केलं ते सगळ्यांनी टीव्हीवर पाहिलं, आपल्याकडच्या सोयाबीनचं काय झालं ते टीव्हीवर कमी दिसलं. म्हणून जमेल तेवढं केलं. चाळीस-बेचाळीस किट. पीठ, तांदूळ, तूरडाळ, तेलाचं पाकीट, साखर, चहापत्ती. आणि अर्थातच फोटो. मागे फ्लेक्स, बाजूला आम्ही पाच जण हसत उभे, मध्ये ती बाई, डोक्यावर पदर, हातात पिशवी. खाली मी लिहिलं होतं, "एक हात मदतीचा". तुमच्यातल्या कितीतरी जणांनी त्यावर हात जोडलेले, हृदयं टाकलेली मला आठवतात.

फोटो मी त्याच मिनिटाला काढला. पण तोवर तो तीन-चार व्हॉट्सॲप ग्रुपवर फिरून आला होता. आपल्या हातातून सुटलेली वस्तू. बाई चिडल्या नव्हत्या, तेच जास्त लागलं. "तुमी वाईटासाठी थोडी टाकला" असंही म्हणाल्या. मी फोन ठेवला आणि का कोण जाणे, मला अलिबागची आजी आठवली.

सांगतो. १९९४ ते ९७ मी नोकरीनिमित्त अलिबागला होतो. तेव्हा आपला वाशीम जिल्हा व्हायचा होता, तो १९९८ चा. "कुठले?" विचारलं की "अकोला जिल्हा" सांगायचो आणि समोरचा "म्हणजे नागपूरकडे का?" म्हणायचा. खोली मिळाली ती इस्राएल आळीत. घरमालकीण आजी सत्तरीच्या पुढच्या, नऊवारी नेसायच्या, मराठी आपल्यापेक्षा स्वच्छ. दाराच्या चौकटीवर उजव्या बाजूला एक तिरकी बारीक डबी ठोकलेली, आत चामड्यावर लिहिलेली प्रार्थना. महिनाभर मला वाटत होतं, कसलीतरी जुनी बेल असावी.

आजी बेने इस्राएल. आपले मराठी ज्यू. दोन हजार वर्षांपूर्वी नवगावच्या किनाऱ्याजवळ गलबत फुटलं, सात पुरुष आणि सात बायका वाचल्या आणि त्यांचाच हा वंश वाढला, अशी त्यांची परंपरा सांगते. कोकणात तेल गाळायचा धंदा केला आणि शनिवारी घाणा बंद ठेवला, म्हणून गावाने नाव दिलं 'शनिवार तेली'. आडनावं गावांवरून. दिवेकर, पेणकर, अष्टमकर, केहिमकर म्हणजे किहीमचे. १९४८ नंतर बहुतेक घरं इस्राएलला गेली. २०११ च्या जनगणनेत देशभरात मिळून ज्यू पाच हजारसुद्धा भरले नाहीत. २०१६ साली महाराष्ट्र सरकारने त्यांना अल्पसंख्याक दर्जा दिला, तेव्हा आपल्याकडे बऱ्याच जणांना पहिल्यांदा कळलं की असे लोक आपल्यात आहेत. (कृपा करून खाली गाझा आणि नेतान्याहू सुरू करू नका. ही पोस्ट अलिबागच्या एका आळीबद्दल आहे.)

मजा बघा, त्यांचं पंचांग आपल्यासारखंच चंद्रावर चालतं. मधूनमधून त्यांचाही महिना वाढतो, दोघांचे अधिक महिने जुळले नाहीत तर एक महिन्याचा फरक पडतो, पण बऱ्याच वर्षी सण मांडीला मांडी लावून येतात. यंदा आपल्या घटस्थापनेच्या संध्याकाळी त्यांचं ५७८६वं वर्ष लागलं. आपला दसरा आणि त्यांचा सर्वांत मोठा उपवास, योम किप्पूर, एकाच दिवशी, २ ऑक्टोबरला. आणि कोजागिरीच्या संध्याकाळी त्यांचा मांडवाचा सण, सुक्कोथ, सुरू झाला. आपण मसाला दूध आटवत होतो तेव्हा ते लोक झावळ्यांच्या मांडवात बसले होते, वर तोच चंद्र.

पण ही हिब्रू नावं नंतरची. हाइम सॅम्युएल केहिमकर यांनी १८९७ च्या सुमारास आपल्या समाजाचा इतिहास लिहिला, त्यात जुनी मराठी नावं नोंदलेली आहेत. वर्षारंभ म्हणजे नव्याचा सण. मग खिरीचा सण. मग योम किप्पूर, म्हणजे दारफाळणीचा सण, त्या दिवशी दारं लावून घरात बसायचं, पाण्याचा थेंब नाही, अंगावर पांढरे कपडे. आणि दुसऱ्या दिवशी शिळा सण.

शिळा सण हे नाव मला तेव्हाच फार आवडलं होतं. कोणत्याही मोठ्या सणाचा दुसरा दिवस आपल्याकडे कसा असतो? भांडी, आळस आणि उरलेलं जेवण. यांनी त्या दिवसालाच नाव दिलं आणि काम नेमून दिलं. शिळ्या सणाला नातेवाइकांकडे, ओळखीच्यांकडे जायचं आणि गोरगरिबांना द्यायचं. आदल्या दिवशी पंचवीस तास तुम्ही स्वतः उपाशी होता. भूक म्हणजे काय ते अजून विसरला नाहीत, तोवरच द्या. एवढा साधा हिशेब असावा, हा माझा तर्क.

आजींच्या घरात आठवडाभर आधीपासून नारळाच्या दुधाचा वास. मटणाबरोबर दूध-दुभतं चालत नाही म्हणून हलवासुद्धा नारळाच्या दुधातला, गव्हाच्या चिकाचा. वड्या पाडून माझ्या खोलीत एक ताटली यायची. मलिदाही त्यांच्याकडेच पहिल्यांदा खाल्ला. गोड पोहे, ओलं खोबरं, फळं, आणि एलियाहू हन्नाबीच्या, म्हणजे एलिया नबीच्या नावाने प्रार्थना. आपल्याकडे 'मलिदा' म्हटलं की आधी ठेकेदार आठवतो, तो भाग वेगळा.

तर १९९५ चा शिळा सण. सकाळी आजींनी हाक मारली. ओट्यावर एक कापडी पिशवी भरून ठेवलेली. तांदूळ, दोन नारळ, गूळ, पुरणाच्या पुऱ्या, आणि रुमालात गाठ मारून काही नोटा. म्हणाल्या, "कोळीवाड्याच्या वाटेवर तिसरं घर. पायरीवर ठेव, कडी वाजव आणि नीघ. थांबू नकोस."

मी म्हटलं, "कोणी पाठवलं विचारलं तर?"

"विचारायला तू तिथे असशील कशाला?"

मी ठेवली, कडी वाजवली आणि निघालो. वळणावर थांबून मागे बघायचा मोह झाला, बघितलंही. एका म्हाताऱ्या बाईने दार उघडलं, इकडे-तिकडे पाहिलं, पिशवी आत घेतली. परत येऊन मी आजींना उत्साहाने सांगायला लागलो तर त्यांनी हातानेच थांबवलं. त्यांना ऐकायचं नव्हतं. तेव्हा मला ते विचित्र वाटलं. दिलं आहे, तर घेणाऱ्याच्या तोंडावरचा आनंद ऐकायला काय हरकत?

आता थोडं वाचलेलं सांगतो. दानाला हिब्रूत 'त्सदाका' म्हणतात. आपल्या मुस्लिम मित्रांना हा शब्द लगेच ओळखू येईल, सदका त्याचाच अरबी भाऊ. पण हिब्रूत त्याच्या मुळाशी 'त्सेदेक' आहे, म्हणजे न्याय. दया नाही, न्याय. द्यायचं ते मोठं मन म्हणून नाही, देणं लागतो म्हणून. बाराव्या शतकात मैमोनिदेस नावाचा मोठा ज्यू पंडित इजिप्तमध्ये होता, पेशाने वैद्य. त्याने दानाच्या आठ पायऱ्या लावल्या. सगळ्यात खालची, कुरकुरत दिलेलं. त्यावर, कमी पण हसून दिलेलं. मग मागितल्यावर दिलेलं, मग न मागता दिलेलं. त्याच्या वरच्या पायरीसाठी तो जुन्या ज्ञानी माणसांचं उदाहरण देतो. ते वस्त्राच्या टोकाला नाणी बांधून पाठीवर टाकायचे आणि चालत राहायचे. ज्याला लागेल त्याने मागून येऊन सोडून घ्यावीत, देणाऱ्याने वळून बघायचं नाही. त्याच्याही वर, गुपचूप जाऊन गरिबाच्या दारात टाकून यायचं, म्हणजे आजींची पिशवी. त्याच्या वर, दोघांनाही एकमेकांचा पत्ता नाही. आणि सगळ्यात वरची पायरी म्हणजे माणसाला काम द्या, कर्ज द्या, भागीदार करा, म्हणजे त्याच्यावर पुन्हा हात पसरायची वेळ येणार नाही.

आमचं किट-वाटप यात कुठे बसतं ते मी शोधत होतो. न मागता दिलं होतं, हसून दिलं होतं. पण फ्लेक्ससमोर उभं करून दिलेल्याची पायरी मैमोनिदेसने लावलेलीच नाही.

कोणी म्हणेल, ज्यूंनीही आपली नावं मिरवलीच की. पुण्याचं ससून हॉस्पिटल कोणाच्या नावाचं? बरोबर. आपल्याकडून केस 'वर' पाठवायची वेळ आली की नागपूर-औरंगाबादनंतर लोक ज्या ससूनचं नाव घेतात, ते डेव्हिड ससून बगदादहून आलेले ज्यू व्यापारी. कोकणातल्या बेने इस्राएलांपेक्षा वेगळे, मुंबईतले बडे धनी. १८६४ साली पुण्यात वारले, लाल देवळाच्या आवारात त्यांची समाधी आहे. ससून डॉक, ससून लायब्ररी, सगळीकडे नाव. आणि केहिमकरांनी १८७५ मध्ये समाजातल्या मुलांसाठी मुंबईत जी इस्राएली शाळा काढली, तिला पुढे मोठी देणगी आली तेव्हा सर एली कदूरी यांचं नाव लागलं. माझगावच्या त्या शाळेत आज ज्यू नसलेलीच मुलं जास्त शिकतात. सिनेगॉगमध्येसुद्धा सणाच्या दिवशी पवित्र पेटी उघडायचा, तोऱ्याची गुंडाळी उचलायचा मान कोणाचा, यावर बोली लागते, सगळ्यांसमोर, मोठ्याने. आपल्या कारंजा-शिरपूरच्या जैन मंदिरांत चढावा बोलतात तसंच. गणपतीच्या लाडवाचा लिलाव तुम्ही पाहिलाच आहे.

मला त्यात काही गैर वाटत नाही. नावाच्या लोभाने का होईना, हॉस्पिटल उभं राहिलं, दीडशे वर्षं माणसं बरी होऊन बाहेर पडतात. देणाऱ्याचं नाव दगडावर कोरा, बोलीत पुकारा, हवं तर फ्लेक्सवर टाका. पण ससूनच्या दारावर पेशंटची नावं कोरलेली नाहीत. आमच्या फोटोत आमचे पाचही चेहरे ठेवून एकच काढायला हवा होता, आणि तोच आम्ही मधोमध ठेवला होता.

अजून एक गोष्ट या निमित्ताने डोक्यात आली. सुक्कोथ हा मुळात सुगीचा सण. पीक घरात आलं की आनंद करा, आणि त्या आनंदात परका, पोरका आणि विधवा यांना धरा, असं त्यांच्या धर्मग्रंथात आहे. शेतासाठीही नियम आहेत. कोपरा कापायचा नाही. खाली पडलेलं कणीस उचलायचं नाही. शेतात विसरलेली पेंढी आणायला परत जायचं नाही. ते गरिबाचं. मिश्ना या जुन्या ग्रंथात मापसुद्धा दिलंय, निदान साठावा हिस्सा. आणि महत्त्वाचं म्हणजे मालकाने हातात उचलून द्यायचं नाही. ज्याचं त्याने येऊन घ्यायचं.

हे वाचलं आणि मी हसलो. अहो, हा तर सरवा! सोयाबीन निघालं की बाया टोपली घेऊन वावरात येतात, शेंगा वेचतात. माझी आई म्हणायची, सरवा वेचणारीला हटकायचं नाही आणि तिच्या टोपलीत डोकावायचंही नाही. कोणी तिला धन्यवाद म्हणायला लावलं नाही, कोणी तिच्यासोबत फोटो काढला नाही. ती मान ताठ ठेवून आली आणि मान ताठ ठेवून गेली. यंदा कित्येक वावरांत सरवा सोडा, मूळ पीकच नाही. दरवर्षी सरवा वेचणारीच्या हातात यंदा आमची पिशवी आली, आणि पिशवीसोबत कॅमेरा.

त्याच मिश्नेत योम किप्पूरबद्दल एक नियम आहे. देवाचे अपराध त्या दिवसाच्या उपवासाने माफ होतील. माणसाचे होणार नाहीत, त्या माणसाची समजूत घातल्याशिवाय. म्हणून त्या आधीच्या दिवसांत लोक एकमेकांकडे जाऊन माफी मागतात. जैन मित्रांची क्षमावाणी आठवा. मला वेळेत जायचं धाडस झालं नाही. दसऱ्याला दुपारनंतर मोटारसायकल काढली, आपट्याची पानं घेतली आणि त्या गावी गेलो. घर शोधायला लागलं नाही, दोन आठवड्यांपूर्वीच तर तिथे हसत उभा होतो.

सोनं दिलं. म्हटलं, "ताई, चुकलं माझं." त्यांनी चहा टाकला. पोरगी आतून कप घेऊन आली आणि माझ्याकडे न बघता आत गेली. पाव्हण्यांचं काय झालं ते मी विचारलं नाही, त्यांनी सांगितलं नाही. निघताना दारात येऊन म्हणाल्या, "भाऊ, माह्या जाऊ द्या. पण आता कोनाचाच टाकू नका."

तर मंडळी, दिवाळीआधी पुन्हा मदत करायची आहे. या वेळी किट नाही. त्याच पट्ट्यातल्या दोन किराणा दुकानदारांशी बोलणं झालंय. ज्या घरांची उधारी थकलीय तिथे आपण जमेल तेवढी भरायची, दुकानदार वहीत ओळ मारेल आणि "जमा झाले" एवढंच सांगेल. कोणाची उधारी भरली ते मलाही कळणार नाही. बिलं आणि जमा-खर्च इथेच टाकेन, पै न् पैचा. पैसे देणाऱ्यांची नावं, ज्यांना हवं त्यांची, ठळक अक्षरात टाकेन. मागच्या वेळच्या दोघांनी "फोटो नाही तर आम्ही कशाच्या भरवशावर द्यायचं?" असं विचारलं. प्रश्न चुकीचा नाही, भरवसा बिलावर ठेवा एवढंच म्हणू शकतो. त्यातल्या एकाने तरीही पैसे पाठवले. दुसऱ्याच्या उत्तराची वाट बघतोय.